टोमॅटोची पाने पिवळी पडतात तेव्हा आधी काय पाहावे

नमस्कार. गच्चीवरच्या कुंडीतल्या टोमॅटोला फळे धरल्यापासून खालची पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत, आणि रोज दोनदा पाणी व दर आठवड्याला चुलीची राख देता, असे आपण लिहिले आहे. कोणतेही औषध आणण्याआधी पिवळेपणा वरून सुरू झाला की खालून, हे पाहावे. नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या आत फिरू शकतात. तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याला व फळांना पुरवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी होतात. लोह असे सहज हलत नाही, त्यामुळे त्याची उणीव कोवळ्या पानांवर दिसते आणि चुनखडीच्या जमिनीत ती हमखास आढळते.

नत्र कमी असेल तर सबंध पान फिकट होते. आपल्या पानांवरची शिरा हिरव्या राहण्याची खूण मॅग्नेशियमच्या कमतरतेची आहे, आणि माझ्या मते तिचे मूळ राखेत आहे. राखेत पालाश (पोटॅशियम) भरपूर असते. ते जास्त झाले की मुळांना मॅग्नेशियम पुरेसे घेता येत नाही. राख ताबडतोब थांबवावी आणि लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट विरघळवून ऊन उतरल्यावर फवारावे, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा फवारावे. पार पिवळे झालेले पान बहुधा सुधारत नाही. गुण आला की नाही हे नव्या पानांवरून ठरवावे.

पाण्याचीही सवय बदलावी. बोटाची दोन पेरे मातीत खुपसून ओल लागली तर त्या वेळी पाणी देऊ नये, कारण सतत चिंब मातीत मुळांना हवा मिळत नाही आणि खत असूनही झाड उपाशी राहते. कुंडीचे छिद्र बुजलेले नाही ना, हेही तपासावे.

पानांवर वर्तुळावर वर्तुळे असलेले तपकिरी डाग दिसले तर तो करपा आहे. ती पाने काढावीत आणि पाणी फक्त बुंध्याशी घालावे. शेंडा आखडून पाने बारीक, पिवळी व चुरडलेली झाली, तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू असतो आणि त्यावर औषध नाही. असे झाड उपटून नष्ट करावे, शेजारच्या झाडांजवळ पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पुढच्या वेळी ‘अर्का रक्षक’सारखा रोगप्रतिकारक वाण निवडावा. झाड एकाच बाजूने पिवळे पडून दुपारी मान टाकत असेल, तर मर रोगाची शंका घ्यावी. खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर त्या कुंडीतली माती पुन्हा टोमॅटो, वांगी किंवा मिरचीसाठी वापरू नये.