आडवं झालं की दम का लागतो?

प्रश्न : आईचं वय ८१. हार्ट फेल्युअरची (हृदय थकून रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही, त्याची) औषधं चालू आहेत. दिवसा बरी असते, पण रात्री एक-दोनच्या सुमारास धाप लागून घाबरीघुबरी उठून बसते. डोक्याखाली तीन उशा दिल्या तरी फरक नाही. घरात ऑक्सिजन आणून ठेवावा का?

उत्तर : दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परत शिरतं आणि छातीकडे येतं. थकलेल्या हृदयाला एवढा भार पुढे ढकलता येत नाही, मग तो फुप्फुसांत तुंबतो. उठून बसल्यावर आईंना बरं वाटतं ते म्हणूनच.

उशा नुसत्या डोक्याखाली रचल्या की मान पुढे मुडपते, हनुवटी छातीला टेकते, पोट दुमडतं. श्वासाला जागा राहणार कुठे? उतार कंबरेपासून हवा, साधारण ३० ते ४५ अंशांचा. पलंग वर होणारा नसेल तर एक साधी खुर्ची पलंगावर उलटी ठेवा. तिची पाठ तिरपी येते, तिच्यावर उशा रचा आणि खुर्ची हलत नाही ना, ते आधी स्वतः टेकून बघा. मांड्यांखाली छोटी उशी द्या, नाहीतर तासाभरात आई घसरून पुन्हा सपाट होतील. दोन्ही हातांखालीही उशी हवी, खांद्यांवरचा ताण उतरतो.

धाप लागून उठल्याच, तर पाय पलंगाखाली सोडून बसवा. समोर टेबलावर उशी ठेवून तिच्यावर हात टेकवून थोडं पुढे झुकू द्या. गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा. बॅटरीवरचा छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा, वारा गालांवर आणि नाकाभोवती लागला पाहिजे. तिथल्या नसांना गार हवा लागली की धापेची जाणीव कमी होते. श्वास नाकाने घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून घेतला त्याच्या दुप्पट वेळ सावकाश सोडायचा. ‘लांब श्वास घे’ असं सारखं सांगू नका, त्याने घाबरायला होतं. शेजारी बसून तुम्हीच तसा श्वास घ्या, त्या लय पकडतील.

ऑक्सिजन मनाने आणू नका. बोटाला लावायच्या यंत्रावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा चांगला असेल तर वरून ऑक्सिजन देऊन धाप फारशी कमी होत नाही. आकडा ९० च्या खाली जात असेल (बोट गार असेल तर चोळून ऊबदार करून पुन्हा बघा), तर ती घरी निभावण्याची गोष्ट नाही, लगेच दवाखाना गाठा.

खरं काम वजनकाट्याचं आहे. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत २ किलोंहून जास्त वाढलं तर ते पाणी आहे, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. वजन वाढलेलं नसलं तरी रात्री अशी जाग येणं हेही औषध कमी पडत असल्याचं लक्षण असू शकतं, तेव्हा पुढच्या तपासणीची वाट न पाहता उद्याच फोन करा. गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. त्या अंगात पाणी आणि मीठ धरून ठेवतात. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही बऱ्याचदा सोडियम, म्हणजे मिठातला पाणी धरणारा घटक, भरपूर असतं.

बसूनही धाप थांबत नसेल, वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळसर पडले, गुलाबी फेसाळ थुंकी आली, छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपू लागली, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत आडवं करू नका. शुद्धच हरपली तर मात्र कुशीवर वळवा.

प्रश्न : रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून वडील पाण्याची गोळी (अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी) चुकवतात. चालेल का?

उत्तर : अजिबात नाही, पाणी साचायला दोन-तीन दिवसही पुरतात. त्यांची अडचण मात्र खरी आहे, अंधारात पडण्याची भीतीही असते. डॉक्टरांना विचारून पहिली गोळी सकाळी आणि दुसरी असेल तर दुपारी चारच्या आत घेता येते का पाहा. बहुतेक लघवी झोपण्याआधीच होऊन जाते. तोवर पलंगाशेजारी भांडं आणि मंद दिवा ठेवा.