भेगेचं वय

प्रश्न: सर, आफ्रिकेतल्या खचदरीबद्दल वाचलं. तिथला भ्रंश इतक्या लाख वर्षांचा, असं कशावरून सांगतात? दगडावर काही तारीख कोरलेली नसते. आणि भ्रंश 'वाढतो' म्हणजे नेमकं काय?
– एक वाचक, निलंगा

उत्तर: भ्रंश म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकल्या आहेत. अशा भ्रंशांमधला पट्टा खाली खचला, की खचदरी होते. भ्रंशाचं वय त्यानं काय कापलं आणि काय कापलं नाही, यावरून काढतात. आमच्या औशाच्या घरात माजघराच्या भिंतीला भेग आहे. पोपडे निघाले तेव्हा पाहिलं, तर खालचा चुना फाटलेला आणि वरचा निळा रंग भेगेवरून सलग गेलेला. चुना बहिणीच्या लग्नातला, 1988चा. निळा रंग 1996च्या दिवाळीचा. घरातले सगळे म्हणतात, भेग किल्लारीच्या भूकंपाची. असेलही, पण भिंत एवढंच सांगते, की 88 ते 96च्या मधली.

आफ्रिकेच्या खचदरीत, केनियातल्या मगाडी सरोवराच्या परिसरात, रंगाच्या जागी लाव्हाचे थर आहेत. वितळलेल्या लाव्हातून अरगॉन वायू निघून जातो. लाव्हा थिजला, की त्यातल्या पोटॅशियमपासून नवा अरगॉन आत साठू लागतो. तो मोजला की थराचं वय मिळतं. समजा, 10 लाख वर्षांचा थर भ्रंशामुळे 100 मीटर खाली गेलाय. म्हणजे वर्षाला सरासरी 0.1 मिलिमीटर. हा आकडा किमान धरायचा, कारण भ्रंश 5 लाख वर्षांपूर्वी सुरू झाला असेल तर वेग दुप्पट होतो. शिवाय सरासरीवर फार विसंबू नये. इथिओपियाच्या अफार भागात सप्टेंबर 2005 मध्ये सुमारे 60 किलोमीटर लांबीचा पट्टा फाकला, काही ठिकाणी 8 मीटरपर्यंत, तेही काही दिवसांत.

वाढ बघायची तर मे महिन्यात काळ्या रानात उकिडवे बसा. सुरुवातीला वीतभर भेगा सुट्या सुट्या असतात. मग टोकं पुढे सरकतात, शेजारची भेग जवळ आली की तिच्याकडे वळतात आणि दोन्ही एक होतात. भ्रंशही असेच जुळत जातात. एरवी जमीन मधोमध सर्वात जास्त खचते, टोकांकडे खचणं शून्यावर येतं. लांबीभर मोजत जाताना मध्येच खचणं कमी भरलं, तर तिथे पूर्वी दोन भ्रंशांची टोकं होती असं समजावं. जुळण्याआधी त्या दोघांमध्ये उतरती जमीन उरते, आणि नदीला दरीत शिरायला बहुतेकदा तीच वाट सापडते.

किल्लारीचा भ्रंश मात्र या खात्यात घालू नका. खचदरीत जमीन ताणली जाते. 30 सप्टेंबर 1993ला तिथे दाबानं एक बाजू दुसरीवर चढली. आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. तो कापलाय, एवढ्यावरून हालचाल त्यानंतरची इतकंच कळतं, म्हणून तिथे वरच्या मातीत चर खणून पाहावं लागलं.