दक्षिण आफ्रिकेकडे इतकी खनिजं असूनही अर्थव्यवस्था का रखडते?

घोडं अडतं ते वीज आणि रेल्वेपाशी. जगातले बहुतांश प्लॅटिनमचे साठे तिथे आहेत, पण ते गाळायच्या भट्ट्यांना अखंड वीज लागते. सरकारी वीज कंपनी ‘एस्कॉम’ची बरीच कोळशावरची वीज केंद्रं जुनी, देखभाल लांबवलेली, मेदुपी आणि कुसिले ही नवी केंद्रं वर्षानुवर्षं रेंगाळली. त्यामुळे टप्प्याटप्प्यानं भारनियमन करावं लागलं; त्याचा सहावा टप्पा म्हणजे ६,००० मेगावॉटपर्यंत कपात.

रेल्वेचं दुखणं तर त्याहून चिवट. रिचर्ड्स बे बंदरातल्या कोळसा टर्मिनलची क्षमता वर्षाला ९.१ कोटी टन. २०२३ मध्ये पाच कोटी टनही गेला नाही. इंजिनांना सुटे भाग नाहीत, तांब्याच्या तारा चोरीला जातात, मग माल महागड्या ट्रकवर चढतो.

खासगी वीजनिर्मितीची परवानामुक्त मर्यादा २०२१ मध्ये १ वरून १०० मेगावॉट झाली, २०२३ मध्ये उठलीच. फारच उशिरा!