प्रवासातले मोजे

प्रश्न : लांबच्या प्रवासात मोजे विणायचे आहेत. लोकर आणि सुया कोणत्या घ्याव्यात? मागचा सुती जोड दोन-तीनदा घालताच ढगळ झाला.

उत्तर : दोष तुमच्या हाताचा नाही. सूत ताणलं की लोकरीसारखं आकसून जागेवर येत नाही. ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉनचा मोज्यांचा धागा घ्या. नायलॉनमुळे टाच लवकर विरत नाही. १०० ग्रॅमच्या गुंडीत साधारण ४०० मीटर धागा असतो, मोठ्या माणसाच्या एका जोडाला तो पुरतो.

पाच सुट्या सुयांपैकी एखादी हमखास सीटखाली घरंगळते. त्यापेक्षा सव्वादोन मिलिमीटरची, ८० सेंटिमीटर लांब गोल सुई (दोन टोकं लवचिक तारेने जोडलेली) बरी. टाके दोन भागांत वाटून, मधून तार बाहेर ओढून विणायचं. मात्र या दोन भागांच्या वळणावर टाके सैल पडून शिडीसारखी फट दिसते. तिथे पहिला टाका नव्हे, दुसरा घातल्यावर धागा ओढा.

मोज्याआधी माप काढायला विणायचा छोटा नमुनाही गोलातच विणा, कारण बऱ्याच जणांचा उलट टाका सुलट टाक्यापेक्षा सैल पडतो. नमुना धुऊन, वाळवून मगच त्याचं माप घ्या. १० सेंटिमीटरमध्ये ३२ टाके आणि पावलाचा घेर २२ सेंटिमीटर असेल, तर मोजा १० टक्के कमी, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटरचा हवा : ६४ टाके. दोन सुलट-दोन उलटच्या पट्टीलाही हा आकडा सोयीचा, कारण त्याला चारने भाग जातो.

टाच मात्र गाडीत नको. तिथे मोजणी चुकतेच! घेतलीच, तर आधी सगळ्या टाक्यांतून वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवा. उसवावं लागलं तरी वीण त्या ओळीवर थांबेल.