तिथीची पाऊणपट करा, मग रत्नागिरीला निघा

गेल्या महिन्यात रत्नागिरीबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि एवढे आले की निम्मे पुढच्या अंकात ढकलावे लागले. बरेचसे एकाच धर्तीचे होते म्हणून एकत्र केलेत, रागावू नका.

प्रश्न (सोलापूर): आम्ही पाचजण, त्यात माझी आई ६८ वर्षांची. तीन दिवस गणपतीपुळ्यालाच राहायचं ठरलंय. रत्नागिरी शहरात मुद्दाम थांबण्यासारखं काही आहे का, की थिबा पॅलेस बघून निघावं?

उत्तर: ताई, हा प्रश्न वाचून आमच्या घरात जरा शांतता पसरली, कारण आम्ही रत्नागिरीचेच. तरी खरं सांगते. थिबा पॅलेस बघाच, पण आत काय ठेवलंय त्यापेक्षा ती गोष्ट डोक्यात ठेवून बघा. थिबा हा ब्रह्मदेशचा राजा, त्याला इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून काढलं, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं, वाडा बांधून झाला १९१० साली आणि १९१६ ला तो वारला. म्हणजे जवळजवळ २४ वर्षं वाट बघायची आणि राहायला मिळाली सहा. वाड्याजवळच थिबा पॉइंट आहे, तिथून भाट्याची खाडी दिसते. संध्याकाळी आईंना बाकावर बसवा आणि तुम्ही शेंगदाणे खा.

शहरात एक रात्र तरी काढा. सकाळी रत्नदुर्गावर जा, तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, गाडी बरीच वरपर्यंत जाते त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं. मग टिळकांचं जन्मघर आणि पतितपावन मंदिर. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते, त्या काळात १९३१ ला हे देऊळ उभं राहिलं. दुपारी झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघा, मुलं तिथून हलत नाहीत असा माझा अनुभव आहे (आणि मोठी माणसंही).

मांडवीचा किनारा मात्र चुकवू नका. तिथली वाळू काळी आहे, म्हणूनच आम्ही त्याला काळा समुद्र म्हणतो. पहिल्यांदा आलेले लोक नाक मुरडतात, घाण आहे म्हणतात, पण ती घाण नाही हो, इल्मेनाइटसारखी लोहयुक्त खनिजं आहेत ती. लहानपणी आम्ही जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून त्या वाळूत फिरवायचो, वर उचललं की त्याला काळी दाढी फुटलेली असायची. आईंच्या पर्समध्ये फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट टाकून न्या, पण आधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, नाहीतर ती दाढी जन्मात निघत नाही.

पुळ्याला जाताना मात्र निवळीवरून आतल्या रस्त्याने जाऊ नका, समुद्र दिसतच नाही. शिरगाव, साखरतर, काळबादेवी करत आरे-वारेवरून जा, साधारण २५ किलोमीटर. आरे आणि वारे हे दोन किनारे शेजारी शेजारी आहेत, मधे डोंगराचं नाक पुढे आलंय आणि रस्ता त्याच्यावरून चढतो. वर गाडी थांबवली की काय दिसतं ते मी लिहीत बसत नाही, फक्त वळणावर थांबू नका, एसटी येते.

प्रश्न (नाशिक): किनाऱ्यावर गेलो तर दोनदा पाणी अगदी पायऱ्यांपर्यंत, वाळूच नाही. आमचं नशीब की काही हिशोब असतो?

उत्तर: हिशोब आहे आणि फार सोपा आहे, आमच्याकडची म्हातारी माणसं बोटांवर करतात. कालनिर्णयमध्ये तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा. येईल त्या आकड्याच्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, दुपारी तीनला आणि रात्री तीनला भरती. अष्टमीला सहा आणि सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. त्याच्या आधी किंवा नंतर सहा तास धरले की ओहोटी. रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकतं. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण फिरायला जायला पुरे.

आता संकष्टीला पुळ्याला गर्दी किती असते ते सांगायला नको. बिचारे लोक दर्शनाच्या रांगेतून दुपारी सुटतात आणि सरळ समुद्रावर येतात, तेव्हा बरोबर भरती असते. त्यापेक्षा सकाळी नऊला किनाऱ्यावर जा, वाळूच वाळू मिळेल, दर्शन नंतर घ्या, देव काही कुठे जात नाही. तो अख्खा डोंगरच देव मानून लोक त्याला प्रदक्षिणा घालतात, फरसबंदी वाट आहे, साधारण किलोमीटरभर.

अजून एक, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा चढतंही खूप आणि ओहोटीला लांबवर ओसरतं. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाबाजूने लांब चालायचं असेल तर उधाणाच्या दिवशी ओहोटी गाठा. सव्वाअकराला भरती म्हणजे संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला पाणी तळाला, याहून चांगली वेळ सांगा मला.

प्रश्न (नागपूर): मुलं ९ आणि १२ वर्षांची, दोघंही स्विमिंग क्लासला जातात. समुद्रात सेफ कुठे आहे?

उत्तर: कुठेच नाही, सॉरी. पुळ्याला तर घोट्याच्या वर पाणी नको, तिथे उतार एकदम आहे आणि लाट मागे जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते. आमच्याकडे आलेला एक पाहुणा, चांगला तलावात रोज तासभर पोहणारा माणूस, छातीभर पाण्यात उभा राहून फोटो काढ म्हणत होता आणि पुढच्या लाटेला दिसेनासा झाला. एका होडीवाल्याने काढला म्हणून वाचला. नंतर दोन दिवस जेवला नाही नीट. भाट्याला काजळी नदी मिळते, त्या मुखाजवळही नको, ओहोटीला पाणी जोरात बाहेर खेचतं. कधी ओढले गेलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत बाजूला या आणि मग किनाऱ्याकडे वळा. मुलांना किल्ले करायला लावा, खेकड्यांची भोकं शोधायला लावा, तासन् तास जातात.

प्रश्न (पुणे): कातळशिल्पांबद्दल खूप ऐकलं. एका दिवसात कुठली बघावी? मागे एकदा गेलो तर काही दिसलंच नाही.

उत्तर: कातळशिल्पं म्हणजे जमिनीवरच्या सपाट खडकात कोरलेली चित्रं. दिसलं नाही कारण तुम्ही दुपारी बारा वाजता गेला असणार. बरोबर ना? सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरचा, जांभा दगड उन्हात पांढरट चमकतो आणि रेषा पार पुसल्यासारख्या होतात. सूर्य कलता पाहिजे, सकाळी आठच्या आत नाहीतर पाचनंतर, मग खोदलेल्या रेषेत सावली पडते आणि समोर नुसता खडक होता तिथे हत्ती उभा राहतो. उक्षी गावात मला स्वतःला असं झालंय, मी त्याच्या पाठीजवळ उभी राहून हत्ती कुठे आहे विचारत होते. आता तिथे भोवती गडगा (दगडी कुंपण) घातलाय त्यामुळे सापडायला सोपं.

पण एकच दिवस असेल तर दक्षिणेला जा. सकाळी लवकर निघून पावस गावात स्वामी स्वरूपानंदांची समाधी, पुढे मुचकुंदी नदीच्या मुखावर पूर्णगड, गावखडी, आडिवरे आणि मग कशेळी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात इतर प्राणी, मासे, कायकाय कोरलंय. कनकादित्याचं देऊळ तिथेच गावात, ते आधी बघा म्हणजे ऊन उतरेपर्यंत वेळ जातो. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाशेजारी चौकोनी नक्षीचं शिल्प आहे, ते प्राणी वगैरे नाही, नुसती गुंतागुंतीची रचना. बारसूला दोन वाघांच्या मधे माणूस. काही ठिकाणी गेंडे आणि पाणघोडेही कोरलेत, आणि आज कोकणात ते कुठून आणणार, त्यामुळे ही शिल्पं किती जुनी यावर जाणकारांचा काथ्याकूट अजून चालू आहे. कशेळी, उक्षी, बारसू, जांभरुण धरून कोकणातली नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत.

दोन विनंत्या. फोटोत नीट यावं म्हणून रेषांमधे खडू फिरवू नका, हे लोक करतात आणि मला रडू येतं. आणि सड्यावर झाड नाही, पाणी नाही, टोपी आणि दोन लिटर पाणी माणशी न्या.

प्रश्न (इंदूर): मे महिन्यात आंब्यासाठी यावं की पावसाळ्यात?

उत्तर: आंब्यासाठी यायचं तर मे, घामाची तयारी ठेवा, बाकी काय सांगू. पण माझं मत विचाराल तर जूनच्या शेवटी या. महिनाभरापूर्वी करपलेला तोच सडा हिरवा झालेला असतो आणि त्यात दीपकाडी फुललेली असते, पांढरी, लांब दांड्यावरची, ही मुख्यतः कोकण-गोव्याकडच्याच सड्यांवर येते. लोक गाडी वळवायला सड्यावर घालतात आणि तिच्यावरून जातात, त्यांना वाटतं गवत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमधे मग निळीजांभळी सीतेची आसवं आणि गेंद. निवळीचा धबधबा हायवेवरूनच दिसतो.

फक्त माशांचं लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे हॉटेलात ताजी सुरमई म्हणून जे येईल ते फ्रीजरमधलं, वेटर कितीही शपथा घेऊ दे. तेव्हा खाडीचं काय आहे विचारा, तिसऱ्या (शिंपल्या) मिळाल्या तर सोडू नका, नाहीतर सरळ फणसाची भाजी आणि कुळथाचं पिठलं मागवा.