ऑल-टेरेन टायरची खरी परीक्षा कशी घ्यायची? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी रस्ता आणि आडवाट दोन्हींसाठी बनवलेल्या, टायरांबद्दल आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख एकच आहे: चाचण्यांचे निकाल वाचून गोंधळ होतो, विश्वास कशावर ठेवायचा? सगळ्यांना उपयोगी पडतील असे प्रश्न निवडून उत्तरं देतो आहे.

प्रश्न: एकच टायर. एका चाचणीत तो चिखलात उत्तम ठरला, दुसऱ्या चाचणीत त्याच टायरला चिखलात सुमार म्हटलंय. खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील. चिखल म्हणजे एकच पृष्ठभाग नव्हे. खाली घट्ट मुरूम आणि वर चार बोटं पातळ राड असेल, तर टायरने ती राड कापून खालच्या टणक थराला जाऊन भिडायचं असतं. अशा ठिकाणी नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांना भरपूर धारदार कडा असलेला साधारण अरुंद ऑल-टेरेन टायर छान चालतो. चिकण मातीचा खोल चिखल असेल तर गणित पार बदलतं. ठोकळ्यांमधल्या खाचा मातीने गच्च भरतात, टायर वरून गुळगुळीत होतो आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. तिथे खाचा किती रुंद आहेत आणि चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते का, यावर सगळं अवलंबून. मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीच्या, टायरच्या खाचा मोठ्या असतात त्या याचसाठी. ऑल-टेरेनच्या खाचा त्या मानाने अरुंद असल्यामुळे चिकण मातीत तो मागे पडणारच. तेव्हा निकाल वाचताना आधी शोधा, चिखल कसला होता, किती खोल होता आणि त्याखाली काय होतं. हे लिहिलेलं नसेल तर ‘चिखलात ८ गुण’ या वाक्यातून तुमच्या हाती काहीच लागत नाही.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. चाचणी करता करता जमीनच बदलते. पहिला टायर कोऱ्या जमिनीवर जातो, तिसऱ्याच्या वाट्याला आधीच्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या येतात, पाचवा जातो तोवर उन्हाने वरचा थर सुकलेला असतो. म्हणून नीट चाचणी करणारे एक संदर्भ-टायर ठेवतात. तो सुरुवातीला, मध्ये दर एक-दोन संचांनंतर आणि शेवटी पुन्हा पळवतात. उदाहरण म्हणून समजा, संदर्भ-टायरने सकाळी तो चढ ६.० सेकंदांत पार केला आणि दुपारी ६.६ सेकंदांत. टायर तोच, म्हणजे बिघडली ती जमीन. या दोन फेऱ्यांच्या बरोबर मध्ये तुमच्या टायरने ६.४ सेकंद घेतले. सकाळच्या आकड्याशी तुलना केली तर तो जवळजवळ सात टक्के मागे दिसतो. पण त्या घटकेला संदर्भ-टायरला सुमारे ६.३ सेकंद लागले असते. म्हणजे खरा फरक दोन टक्क्यांहून कमी. संदर्भ-टायर नसता, तर एक चांगला टायर हकनाक बदनाम झाला असता.

प्रश्न: माझ्याकडे कसलीही महागडी उपकरणं नाहीत. दोन संचांची तुलना मी स्वतः करू शकतो का?

करू शकता, आणि जरूर करा. घड्याळ, मोजपट्टी, हवा मोजायचा एक चांगला गेज आणि मदतीला एक माणूस एवढं पुरे. नवे टायर असतील तर आधी काही शे किलोमीटर साध्या रस्त्यावर चालवून घ्या. साच्यातून टायर सुटावा म्हणून वापरलेल्या पदार्थाचा अंश वर राहिलेला असतो, तो निघून गेल्याशिवाय टायरची खरी पकड कळत नाही.

सुट्या खडीचा एक मध्यम चढ निवडा. अति उभा नको, कारण तिथे दोन्ही टायर हरतात आणि शिकायला काही मिळत नाही. गाडी तीच, रिमचं माप तेच, टाकीतलं इंधन आणि सामान जवळपास तेवढंच. चढाच्या पायथ्याशी गाडी पूर्ण थांबवा, लो रेंजचा (फोर बाय फोर गाडीतल्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरांमधला) पहिला गिअर टाका आणि दोन खुणांमधलं अंतर पार करायला किती वेळ लागतो ते बघा. ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवायचं की बंद, हे एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तसंच ठेवा. ते चालू असेल तर घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून टायरचा दोष झाकतं. बंद असेल तर टायर उघडा पडतो. मी बंद ठेवून मोजतो. प्रत्येक फेरीनंतर दाताळ्याने खडी पुन्हा सारखी करा. हे काम कंटाळवाणं आहे हे मान्य, पण नेमकं इथेच अंग चोरलं जातं आणि चाचणी वाया जाते.

एका संचाच्या निदान पाच फेऱ्या घ्या. मग दुसरा संच चढवा, आणि शेवटी पुन्हा पहिला. एकाच टायरच्या पाच फेऱ्यांमध्ये जेवढा चढउतार दिसतो, त्याहून दोन टायरांमधला फरक कमी असेल, तर फरक नाही असंच समजायचं. स्टिअरिंगची जाण, खड्ड्यातले धक्के, आवाज अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींसाठी शक्य असेल तर टायर दुसऱ्या कुणाला तरी बदलायला सांगा आणि कोणता संच चढवलाय ते बघू नका. ज्या टायरवर नुकताच खर्च केलेला असतो, तो माणसाला मनापासून चांगलाच वाटतो.

आणि एक आग्रहाची सूचना: चढावर गाडी असताना तिच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. वेळ मोजणाऱ्यानेसुद्धा नाही.

प्रश्न: चाचणी करणारे हवा कमी करून टायर पळवतात आणि पकड छान आहे म्हणतात. ही फसवणूक नाही का? शिवाय हवा किती कमी करायची?

हवा किती होती ते सांगितलं नाही, तरच ती फसवणूक. सुट्या जमिनीवर हवा कमी करणं हा टायर वापरण्याचा योग्य मार्ग आहे. एकाच टायरच्या ३५ आणि १८ पीएसआयमधल्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) वागण्यात जेवढा फरक पडतो, तेवढा दोन वेगवेगळ्या ऑल-टेरेन टायरांमध्ये क्वचितच असतो. हवा कमी केली की टायर रुंद होतो असा समज आहे. प्रत्यक्षात जमिनीला टेकणारा ठसा रुंदीपेक्षा लांबीत जास्त वाढतो. जास्त ठोकळे एकाच वेळी जमिनीला लागतात, वजन पसरतं आणि दगडावर टायर त्याच्या आकाराप्रमाणे वाकून त्याला धरून ठेवतो.

मध्यम वजनाच्या फोर बाय फोरसाठी ढोबळ अंदाज असा: खडीच्या लांब रस्त्यावर २५ ते २८ पीएसआय, दगडधोंड्यांत सावकाश जाताना १८ ते २२, मऊ वाळूत १५ ते १८. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका. एखाद्या झटक्याच्या वळणावर टायर रिमवरून सुटू शकतो. हवा कमी असेल तेवढा वेळ वेगही कमीच हवा, कारण टायरची बाजू सतत वाकते आणि तापते. डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा पुन्हा भरायची, यात सवलत नाही.

हवा मोजायची ती थंड टायरची. तापमान पाच-सहा अंश सेल्सिअसने बदललं की साधारण एक पीएसआयचा फरक पडतो, आणि बरंच अंतर चालून तापलेला टायर सहज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. सकाळी एक संच थंड असताना आणि दुपारी दुसरा गरम असताना मोजलात, तर तुलना तिथेच कोसळली.

यापुढची गोष्ट अनुभवी लोकांच्याही ध्यानात राहत नाही. हलक्या ट्रकसाठीचे, म्हणजे मापाआधी ‘एलटी’ लिहिलेले टायर जाड थरांचे आणि ताठ असतात. तेवढंच वजन पेलायला त्यांना मोटारीच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. वाळूत मात्र सारखी हवा असूनही ते कमी दबतात. म्हणून दोन जातींचे टायर तपासताना आकडा सारखा ठेवण्यापेक्षा दबणं सारखं ठेवावं. सपाट जागी, रिमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. रस्त्यावरच्या हवेत ती १६० मिलिमीटर असेल आणि हवा सोडल्यावर १२० झाली, तर टायर पाव हिश्शाने दबला. दुसराही टायर पाव हिश्शाने दबेपर्यंत हवा सोडा आणि मग तुलना करा. शेजारी दोन्हींचे पीएसआय लिहून ठेवा.

प्रश्न: टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे. म्हणजे तो सगळीकडे चालतो असं समजायचं का?

नाही. आधी त्याच्या शेजारचं ‘एम प्लस एस’ (इंग्रजीत मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) घेऊ. ते नक्षीच्या रचनेवरून बनवणाऱ्याने स्वतःच लावलेलं असतं. त्यासाठी पकडीची कुठलीही चाचणी पार करावी लागत नाही. तीन शिखरं आणि हिमकण हे चिन्ह उत्तर अमेरिकेत १९९९ मध्ये ठरलं आणि त्यामागे खरोखरची मोजणी आहे. दाबून बसलेल्या बर्फावर सरळ रेषेत गाडी पुढे ओढताना टायर किती पकड देतो, याची एका प्रमाणित संदर्भ-टायरशी तुलना होते. मूळ अट होती संदर्भ-टायरपेक्षा किमान दहा टक्के सरस असण्याची. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर तो किती अंतरात थांबेल किंवा वळणावर किती धरेल, हे त्या मूळ चाचणीत येत नाही. चिखल, वाळू, दगड यांचा तर तिथे संबंधच नाही. एकाच नावाच्या टायरमध्ये काही मापांवर चिन्ह असतं आणि काहींवर नसतं, तेव्हा आपल्या मापाच्या टायरची बाजू स्वतः वाचा.

प्रश्न: सुट्या खडीवर ब्रेक मारून बघितलं. नव्या ऑल-टेरेन टायरांवर गाडी अपेक्षेपेक्षा फारच लांब जाऊन थांबली. टायर खराब निघाले का?

टायरवर ठपका ठेवायच्या आधी एबीएसकडे, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे बघा. सुट्या खडीत चाक जाम झालं की त्याच्यापुढे खडीचा ढीग साचतो आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस असेल तर चाक जाम होत नाही, म्हणून ढीग बनत नाही. अमेरिकेच्या एनएचटीएसए या वाहन सुरक्षा संस्थेने १९९९ च्या अहवालात हे मोजून दाखवलं आहे: सुट्या खडीवर एबीएसमुळे थांबण्याचं अंतर सरासरी २७ टक्क्यांनी वाढलं. म्हणून खडीवरच्या ब्रेकच्या आकड्यांवरून मी टायरची निवड करत नाही. तिथे चढ चढण्याची आणि वळणावर बाजूला न घसरण्याची चाचणी जास्त बोलकी असते. एबीएसचा फ्यूज काढून चाचणी करू नका, चाकं जाम झाली की स्टिअरिंग निकामी होतं. काही गाड्यांमध्ये खडीसाठी वेगळा मोड असतो, तो चाकाला क्षणभर जाम होऊ देतो. असेल तर तो वापरून बघा.

प्रश्न: वाळूसाठी जास्तीत जास्त खोल नक्षीचा टायर घ्यावा ना?

उलट आहे. वाळूत टायरने वर तरंगत राहायचं असतं, आणि धारदार खोल ठोकळे वाळू उपसून खड्डा करतात. सौम्य नक्षी, कमी हवा आणि हलका, एकसारखा ॲक्सिलरेटर. चाक फिरायला लागलं की पाय काढा, आणखी दाबलात तर गाडी ॲक्सलपर्यंत रुतेल.

प्रश्न: आडवाटेच्या चाचणीत डांबरी रस्त्यावरचे आकडे कशाला? आम्हाला तर चिखल-दगडांतलंच जाणून घ्यायचंय.

कारण त्या आडवाटेपर्यंत तुम्ही डांबरावरूनच जाणार आहात, बहुधा पावसात आणि घरच्यांना सोबत घेऊन. ऑल-टेरेन टायरचं रस्त्याला टेकणारं रबर कमी असतं, उंच ठोकळे ब्रेकच्या वेळी वाकतात आणि रबरही दगडाने तुकडे निघू नयेत अशा बेताने बनवलेलं असतं. त्यामुळे ओल्या डांबरावर बहुतेक ऑल-टेरेन टायर चांगल्या रोड-टायरपेक्षा लांब जाऊन थांबतात. किती लांब, यात मात्र टायर-टायरमध्ये मोठा फरक असतो. ज्या चाचणीत ओल्या रस्त्यावरचा ब्रेक मोजलेला नाही, ती माझ्या लेखी अपुरी आहे.

शिवाय बहुतेक चाचण्या नव्या टायरवर होतात. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा ओल्यात कडा पुरवतात, पण काही टायरांमध्ये त्या उथळ असतात आणि टायर अर्धा झिजला की नाहीशा होतात. घेण्यापूर्वी त्या चिरेत एक पातळ कार्ड घालून बघा. ते मुख्य खाचेच्या निम्म्या खोलीपर्यंतही जात नसेल, तर त्या टायरचं ओल्यातलं वागणं मध्येच बदलेल, हे गृहीत धरा.

प्रश्न: टिकाऊपणा एका दिवसाच्या चाचणीत कळतो का?

झीज कळत नाही, त्यासाठी हजारो किलोमीटर लागतात. तुटफूट मात्र कळते. खडीवर बरंच चालवल्यानंतर गाडी उभी करा आणि ज्या चाकांना जोर मिळतो ती आधी तपासा. बोटाने टायरच्या खांद्याकडच्या, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथल्या, ठोकळ्यांच्या कडा चाचपून बघा. बारीक खरखर चालेल, पण नखाएवढे तुकडे उडालेले असतील तर ते रबर खडीसाठी नाही. मग खाचांमध्ये अडकलेले खडे मोजा. काही टायरांच्या खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते खडा आत रुतू देत नाहीत. ते नसतील तर रुतलेला खडा प्रत्येक फेऱ्यात थोडा थोडा आत सरकतो आणि खाचेचा तळ भोसकतो.

सगळ्यात शेवटी बाजू तपासा, आतलीसुद्धा, टॉर्च घेऊन. तीन थरांची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, दगडाला जास्त दाद देत नाही. पण ती जड आणि ताठ असते, म्हणून तिच्यासाठी हवा थोडी आणखी कमी करावी लागते. बाजूला काप दिसला तर तो हलकेच फाकवून बघा. नुसतं रबर कापलेलं असेल तर जागेवर खूण करून लक्ष ठेवा. आतले धागे दिसले किंवा तिथे फुगवटा आला असेल, तर त्या टायरला पॅच नाही. तिथेच स्टेपनी लावा आणि तो टायर पुन्हा गाडीला चढवू नका.