पर्समधली चार बटणं

"कौन्सिलला एकदा कळवलं की मुलाला घेऊन जातात म्हणे. खरं का गं?" सत्तरीच्या काकूंनी खुर्चीत नीट टेकायच्या आतच विचारलं. कौन्सिल म्हणजे इथली महापालिकेसारखी स्थानिक संस्था. इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो. म्हणून काकूंची हकिकत, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत बदलून, सांगते.

मुलगा 36 वर्षांचा. घरात सगळे त्याला भाऊ म्हणतात. काका गेल्यापासून मायलेक दोघंच. भाऊला जन्मापासून 'लर्निंग डिसॅबिलिटी' आहे. हा शब्द भारतात वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेसाठी वापरतात, ब्रिटनमध्ये बौद्धिक दिव्यांगत्वासाठी. त्या घोळामुळे पुण्याचे नातेवाईक कित्येक वर्षं 'अजून अभ्यासात मागेच का?' असं विचारत राहिले. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. तेवढे दिवस भाऊचं काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

पुतणीने एकदा कौन्सिलला फोन लावून दिला होता. पलीकडच्या बाई भाऊशीच बोलल्या. ते एका अर्थी बरोबरच होतं. स्वयंपाक येतो? "येस." आंघोळ एकट्याने? "येस." बसने जातोस? "येस." अनोळखी माणसाला नाही म्हणणं भाऊला उद्धटपणाचं वाटतं. शेवटी काकूंना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, "ही डझ एव्हरीथिंग." दहा-बारा मिनिटांत निकाल लागला, मदतीची गरज दिसत नाही. हातात कागद काही आला नाही.

"असं का म्हणालात काकू?"

"मग काय परक्या बाईला सांगू, माझ्या मुलाला काही येत नाही म्हणून?"

यावर माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. शाळा, डॉक्टर, जाऊबाई, सगळ्यांपुढे जन्मभर 'त्याला येतं' हेच पटवत आलेल्या बाईला मी आता उलट बोलायला कसं सांगणार? मी चहाचं विचारलं. काकूंनी चष्मा पुसायला पर्समधून रुमाल ओढला आणि त्याबरोबर चार काळी बटणं टेबलावर घरंगळली. गॅसच्या शेगडीची.

"अगं, बाहेर पडताना काढून घेते. मागे त्याने दूध तापत ठेवलं आणि टीव्ही बघत बसला. पातेलं जळून कोळसा. तेव्हापासून."

"किती वर्षं झाली?"

"बारा तरी झाली असतील."

दाराला कुलूप लावावं तितक्या सहज त्या हे करत होत्या. ही 'काळजी घेणं' या सदरात मोडणारी गोष्ट आहे हे त्यांच्या डोक्यातही नव्हतं.

मी त्यांना एक वही दिली. भाऊला काय येत नाही ते लिहू नका, तुम्ही दिवसभरात काय काय करता तेवढंच लिहा. पुढच्या खेपेला सात पानं भरून आली. ब्रशवर पेस्ट लावून ठेवते. पाणी कोपराने बघते. शर्ट सुलट करून पलंगावर ठेवते. भाऊ बसस्टॉपवर जातो तेव्हा मागून जाते, त्याला दिसणार नाही अशी. या शेवटच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले.

इंग्लंडचा 2014 चा केअर ॲक्ट अशा वेळी कामाला येतो. प्रौढ माणसाला मदतीची गरज असावी असं नुसतं दिसलं, तरी कौन्सिलने असेसमेंट, म्हणजे गरजांची पाहणी, करायलाच हवी. गरज थोडी की फार, घरात पैसे किती, हे आधी बघायचं नसतं. असेसमेंटला पैसे पडत नाहीत. आपल्याकडच्या दिव्यांग प्रमाणपत्रासारखी 40 टक्क्यांची रेघही इथे नाही. खाणं, स्वच्छता, कपडे, घरात सुरक्षित वावरणं, माणसं जोडणं, काम, बसचा प्रवास अशा दहा गोष्टी बघतात. दिव्यांगत्वामुळे त्यातल्या दोन जरी जमत नसतील आणि जगण्यावर त्याचा मोठा परिणाम होत असेल, तर माणूस पात्र ठरतो. 'जमत नाही' यात 'जमतं, पण जिवाला धोका होतो' हेही येतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आई जे करते ते बाजूला ठेवून पात्रता ठरवायची असते. म्हणजे भाऊची आंघोळ होते का, हा प्रश्नच नव्हे. काकू नसताना होईल का, ते सांगायचं.

आम्ही पत्र लिहिलं. घरी येऊन असेसमेंट करा, मराठी दुभाषा द्या, निर्णय कारणांसह लेखी द्या. लेखी देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. किती दिवसांत यायचं याचा आकडा मात्र कायद्यात नाही, म्हणून ऑपरेशनची तारीख अगदी वर, ठळक. पुतणीला दुभाषा करू नका असं मी बजावलं. घरचं माणूस भाषांतर करताना घराची अब्रूही सांभाळत बसतं.

मुलाला नेण्याचं म्हणाल तर असेसमेंट म्हणजे केअर होममध्ये, म्हणजे निवासी संस्थेत, ठेवायला दिलेली संमती नव्हे. 2005 च्या मेंटल कपॅसिटी ॲक्टनुसार भाऊला स्वतःचा निर्णय घेता येतो असंच आधी धरायचं असतं. आणि नाहीच घेता आला, तरी त्याची इच्छा आणि आईचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. असेसमेंट फुकट असली तरी नंतर मिळणाऱ्या मदतीचा खर्च कोणी भरायचा, हे पैसे बघून ठरतं. त्यात काकूंचं राहतं घर काकूंचं, ते धरत नाहीत. हिशेब होतो तो भाऊच्या पैशांचा. 23,250 पौंडांच्या वर शिल्लक असेल तर सहसा पूर्ण खर्च स्वतःचा. 14,250 च्या खाली असेल तर शिल्लक सोडून देतात, सरकारी भत्त्यातून वाटा मागू शकतात. काकूंनी भाऊच्या भत्त्यातून पै-पै वाचवून त्याच्याच खात्यात टाकली होती. आकडे ऐकून त्यांचा चेहरा उतरला. शिल्लक दोन्हींच्या मधे निघाली, आठवड्याला थोडे भरावे लागणार. हे मी आधीच सांगून टाकलं.

सोशल वर्कर घरी आल्या. चांगल्या होत्या. 'चहा येतो का' असं न विचारता भाऊला म्हणाल्या, "मला तुमचा मराठी चहा करून दाखवशील?" भाऊ खुशीत उठला, पातेलं घेतलं, पाणी ओतलं, शेगडीवर ठेवलं. मग वळून आईपुढे हात पसरून उभा राहिला, बटणांसाठी. त्या बाईंनी मान खाली घालून बरंच काही लिहिलं.

आता आठवड्यातून चार दिवस सकाळी एक मदतनीस येतो. ऑपरेशनच्या काळात तो रात्रीही राहिला. मंगळवारी भाऊबरोबर बसमध्ये बसून तो पोहायच्या तलावावर जातो. बसस्टॉपवर मागे मागे जायचं काम सुटलं, पण काकू अजून खिडकीत उभ्या असतात.

काळजी घेणाऱ्या माणसालाही स्वतःची वेगळी असेसमेंट मागता येते. तो फॉर्म मी काकूंना तीनदा दिला. "माझं काय तपासायचंय? मी धडधाकट आहे," म्हणत त्यांनी परवा तो गुडघ्याच्या पट्ट्याखाली घडी करून सारला आणि भाऊची डाळ ढवळायला उठल्या.